माणसं निघून गेलेल्या शहरात राहायला येताना

१९५० च्या जनगणनेत पिट्सबर्ग शहरात ६ लाख ७६ हजार ८०६ माणसं राहत होती. २०२० साली ती ३ लाख २ हजार ९७१ भरली. या सत्तर वर्षांत इथे युद्ध झालं नाही की भूकंप झाला नाही. पोलादाच्या भट्ट्या विझल्या, उपनगरांकडे रस्ते गेले आणि माणसं उठून गेली. आज पुण्याहून, नागपूरहून, कोल्हापूरहून जे मराठी तरुण इथे शिकायला, नोकरीला, संसार मांडायला येतात, ते बहुतेक वेळा त्या गेलेल्यांच्या घरांत राहतात. त्यांच्यासाठी बांधलेल्या जिन्यांवरून चढतात, त्यांच्यासाठी आखलेल्या रस्त्यांवरून बसने कामाला जातात. मी या शहरात राहायला आले तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. आता वाटतं, एखाद्या शहरात राहायला जाताना भाडं, शाळा आणि थंडी यांच्या चौकशीइतकीच ही चौकशीही करायला हवी.

अमेरिका म्हटलं की मराठी घरात डोळ्यांपुढे येतं ते न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातला बे एरिया. तिथे एडिसनसारख्या गावात कोपऱ्यावर वाणसामान मिळतं, मुलाला तबला शिकवायला गुरुजी मिळतात, डॉक्टरही आपलाच मिळतो. मधल्या आकाराच्या शहरांचं तसं नाही. पिट्सबर्ग, कोलंबस, सिनसिनाटी, ओमाहा, ग्रँड रॅपिड्स ही नावं आपल्याकडे कुणी मुद्दाम घेत नाही. माणूस तिथे जातो तो प्रवेश मिळाला म्हणून किंवा नोकरी लागली म्हणून. पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठ आहे, पिट्सबर्ग विद्यापीठ आहे, यूपीएमसी नावाचा अवाढव्य रुग्णालय-समूह आहे, पीएनसी बँकेचं मुख्यालय आहे, उत्तरेच्या क्रॅनबेरी उपनगरात अणुभट्ट्यांचं काम करणारी वेस्टिंगहाउस आहे. भोवतालचा सगळा टापू धरला तर वस्ती तेवीस-चोवीस लाखांची. आपली माणसं त्यात विखुरलेली, त्यामुळे आल्या दिवसापासून शेजारी, बसचालक, शाळेतल्या बाई, नळाचं काम करणारा माणूस अशा सगळ्यांशी स्वतःच बोलावं लागतं. सुरुवातीला याचा ताण येतो. पण मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या बहुतेकांनी काही वर्षांनी यालाच या शहराचं देणं म्हटलं.

विमानतळावरून येताना रस्ता डोंगराखालच्या फोर्ट पिट बोगद्यात शिरतो. बाहेर पडताक्षणी पूल, खाली नदी, समोर उंच इमारती आणि डावीकडे दोन नद्यांचा संगम, असं सगळं एकदम अंगावर येतं. अ‍ॅलेगेनी आणि मोनोंगहेला इथे मिळतात आणि पुढे ओहायो नावाने वाहतात. शहरातले पूल चारशेच्या वर आहेत. पहिल्यांदा आलेला प्रत्येक जण हे दृश्य सांगतो. त्यानंतर मात्र घर शोधायला लागतं आणि गोष्ट अवघड होते.

भाड्याने घर देणारा आधी क्रेडिट स्कोअर विचारतो. नव्याने आलेल्याकडे तो नसतो, कारण या देशात त्याने अजून एक डॉलरही उसना घेऊन फेडलेला नसतो. भारतात वर्षानुवर्षं वेळेवर फेडलेला गृहकर्जाचा हप्ता इथे उपयोगाचा नाही. विद्यार्थ्याला तर विद्यापीठात काम मिळाल्याशिवाय सोशल सिक्युरिटी नंबरही मिळत नाही. मग कुणी जादा अनामत मागतं, कुणी जामीनदार मागतं. पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यात पहिल्या वर्षी दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त आणि त्यानंतर एका महिन्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही, घर सोडल्यावर तीस दिवसांत हिशेब द्यावा लागतो. हे ठाऊक असलेला नवखा मला क्वचितच भेटला. अकोल्याच्या एका मुलाची अनामत घरमालकाने रंगकामाच्या नावाखाली बुडवली होती. वरच्या वर्गातल्या एका मुलीने त्याला कायद्याचं कलम काढून दिलं, त्याने पत्र लिहिलं आणि पैसे परत आले. ओकलंड भागातले बरेच भाडेकरार जुलैअखेरीस संपतात. तेव्हा फुटपाथवर सोफे, गाद्या, टेबलं यांचे ढीग लागतात आणि नव्याने आलेली मुलं त्यांतून आपला पहिला संसार उचलून नेतात.

घरं जुनी आहेत. विटांची, शंभर वर्षांची, अरुंद जिन्याची, थंडीत खडखडणाऱ्या रेडिएटरची. पुष्कळ घरांच्या तळघरात मधोमध, भिंत-दार काही नसलेला एक शौचकूप असतो. नव्या माणसाला त्याचा अर्थ लागत नाही. इथली जुनी माणसं सांगतात, कारखान्यातून काजळीने माखून आलेला कामगार आधी तळघरात उतरायचा, तिथेच अंग धुवायचा आणि मग वर बायकामुलांत यायचा. सांडपाणी उलटलं तर ते वर चढू नये म्हणून ही सोय होती, असंही काही जण म्हणतात. मला पहिली गोष्ट जवळची वाटते, कारण घरभर त्या कामगाराच्या खुणा आहेत.

शहरात राहायचं की उपनगरात, हा मराठी कुटुंबांतला सर्वांत लांबणारा वाद. अ‍ॅलेगेनी काउंटीत १३० स्वतंत्र नगरपालिका आहेत. रस्ता ओलांडला की पोलीस वेगळे, शाळा वेगळी, कचरा उचलण्याचा वार वेगळा, कर वेगळा. पिट्सबर्ग शहरात राहणाऱ्याच्या पगारावर तीन टक्के स्थानिक कर लागतो, त्यातला दोन टक्के शाळांचा. बहुतेक उपनगरांत तो एक टक्क्याच्या आसपास असतो. त्यात शाळांच्या क्रमवाऱ्या. मूल पाच वर्षांचं झालं की नॉर्थ अ‍ॅलेगेनी, माउंट लेबनन, फॉक्स चॅपल ही नावं घरात सुरू होतात आणि कुटुंब गाडीत सामान भरतं. मी शहरात राहिले. या निवडीचे तोटे मला माहीत आहेत, तरी उपनगरात गेलेले शहरातल्या शाळांबद्दल ज्या खात्रीने बोलतात तितकी त्यांची त्या शाळांशी ओळख नसते, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे शहर चढउतारांचं आहे. बीचव्ह्यू भागातल्या कॅन्टन अव्हेन्यूचा चढ ३७ टक्के आहे. डोंगरउतारावरच्या घरांना नदीकाठच्या कारखान्यांशी जोडण्यासाठी जिने बांधले गेले. शहराच्या मालकीचे असे आठशेच्या आसपास जिने अजून आहेत. नकाशावर कित्येक जिन्यांची नोंद रस्ता म्हणूनच आहे, त्यांना रस्त्याचं नाव आहे. डोंगरावर चढणाऱ्या रेल्वेचे दोन मार्ग उरले आहेत, एक १८७० चा आणि दुसरा १८७७ चा. पर्यटक त्यांतून मजेसाठी जातात, पण त्या मुळात कामगारांना वरखाली नेण्यासाठी होत्या, आणि आजही काही माणसं तिकिटाचं कार्ड टेकवून त्यांतून कामाला जातात.

विद्यार्थ्यांचं आयुष्य बसवर चालतं. विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवलं की प्रवास फुकट. फोर्ब्स अव्हेन्यूवरून जाणाऱ्या ६१ क्रमांकाच्या बस मराठी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांना पाठ आहेत. उतरताना चालकाला मोठ्याने ‘थँक यू’ म्हणायची इथे रीत आहे, आणि नवी मुलं ती पहिल्या आठवड्यात उचलतात. पण विद्यापीठाच्या पट्ट्याबाहेर गाडीशिवाय चालत नाही. नवऱ्याच्या नोकरीमागून आलेल्या बाईला याची झळ सर्वांत जास्त बसते. सांगलीजवळच्या गावातून आलेली एक स्थापत्य अभियंता मला म्हणाली, “ताई, लायसन्स मिळेपर्यंत मी दूध आणायलासुद्धा ह्यांच्या सुट्टीची वाट बघत होते.” पेनसिल्व्हेनियाच्या वाहन परीक्षेत चोवीस फूट लांब, आठ फूट रुंद चौकटीत गाडी मागे घेत समांतर उभी करावी लागते. ती दोनदा नापास झाली. शेजारच्या इमारतीतली एक निवृत्त शिक्षिका तिला रविवारी सकाळी चर्चच्या रिकाम्या वाहनतळावर घेऊन जायची, दोन कचऱ्याचे डबे उभे करायची आणि सराव करून घ्यायची. तिसऱ्या वेळी जमलं. पुढे नवऱ्याच्या ग्रीन कार्डाच्या अर्जाचा एक टप्पा मंजूर झाल्यावर तिला कामाचा परवाना मिळाला. एच-४ व्हिसावरच्या अशा जोडीदारांना ही मुभा २०१५ सालापासून आहे. आज ती पुलांची तपासणी करणाऱ्या एका कंपनीत आहे.

पुलांचा विषय निघालाच आहे. २८ जानेवारी २०२२ च्या पहाटे फ्रिक पार्कमधला फर्न हॉलो पूल कोसळला. त्यावर ६१बी क्रमांकाची जोडबस होती. माणसं जखमी झाली, सुदैवाने कुणी दगावलं नाही. त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष बायडन पायाभूत सुविधांवर बोलायला शहरात येणार होते. पुढे चौकशीत निघालं की पुलाच्या तपासणी अहवालांत वर्षानुवर्षं दुरुस्ती सुचवली होती आणि शहराने ती केली नव्हती. निम्मी माणसं गेलेल्या शहराकडे पूल, जिने, जलवाहिन्या मात्र पूर्वीइतक्याच उरतात आणि त्यांचा खर्च उरलेल्यांना उचलावा लागतो. कर का जास्त, रस्ते का उखडलेले, या नव्या माणसाच्या तक्रारीमागचं मोठं कारण हे आहे.

पहिला हिवाळा माणसाची परीक्षा घेतो. बर्फाची छायाचित्रं सगळे घरी पाठवतात. खरा त्रास ढगांचा. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत आठवडेच्या आठवडे आभाळ राखाडी असतं, डिसेंबरात पाचलाच अंधारायला लागतं, आणि एकटं राहणारं माणूस आतून खचायला लागतं. डॉक्टर ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या देतात, त्या घ्याव्यात. पण मला माणसांशी बोलण्याने जास्त बरं वाटलं. बर्फ थांबल्यापासून चोवीस तासांत आपल्या घरापुढचा फुटपाथ मोकळा करायचा, असा शहराचा नियम आहे. सकाळी सगळी गल्ली फावडी घेऊन बाहेर येते. ज्यांचं आधी उरकतं ते पुढच्या घराचं करतात. म्हाताऱ्या माणसाच्या दारापुढचं बर्फ कुणी काढायचं हे न बोलता ठरलेलं असतं. ज्याने आपली गाडी बर्फातून उकरून काढली तो त्या जागेवर एक खुर्ची ठेवून जातो आणि ती जागा त्याची राहते. कायद्यात याला आधार नाही, पण गल्ली ते पाळते.

शेजारच्या आजींशी माझी ओळख अशीच फावड्यामुळे झाली. त्यांचे यजमान साउथ साइडला जोन्स अँड लॉफलिनच्या पोलाद कारखान्यात होते. कारखाना बंद झाला तेव्हा ते चाळिशीत होते. नंतर त्यांनी शाळेत रखवालदाराचं काम केलं. तिन्ही मुलं शिकली आणि गेली, एक ह्यूस्टनला, एक शार्लटला, एक फ्लोरिडात. माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली तेव्हा या दोघींची गट्टी जमली. आईचं इंग्रजी बेताचं, आजींचा उच्चार आईला कळायचा नाही. तरी ओसरीवर बसून त्या एकमेकींना नातवंडांचे फोटो दाखवायच्या. एकदा आई आत येऊन म्हणाली, “त्यांचीपण सगळी बाहेरच आहेत गं.” आपण परदेशी गेल्यामुळे आईवडील मागे एकटे राहतात, हे आपलंच दुःख आहे असं मी धरून चालले होते. या गल्लीतलं निम्मं म्हातारपण तसंच चाललं आहे. मुलं दुसऱ्या देशात नाहीत, दुसऱ्या राज्यात आहेत, इतकाच फरक.

इथले कारखाने बंद पडले त्या काळाबद्दल वाचायला लागले तेव्हा मला सारखं गिरणगाव आठवत राहिलं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९८३ मध्ये, पिट्सबर्ग टापूतली बेकारी सतरा टक्क्यांवर गेली होती. इकडे परदेशी पोलाद, जुनी यंत्रं, घटलेली मागणी आणि दुसरीकडे पैसा गुंतवणाऱ्या कंपन्या. तिकडे जुनी यंत्रं, यंत्रमाग आणि जमिनीचे भाव. होमस्टेडचा कारखाना, जिथे १८९२ साली अँड्र्यू कार्नेगीच्या कंपनीने संप मोडायला भाडोत्री पिंकर्टन रक्षक आणले आणि नदीकाठी गोळीबारात दोन्ही बाजूंची माणसं मेली, तो १९८६ मध्ये बंद पडला. आता त्या जागेवर वॉटरफ्रंट नावाचा मोठा बाजार आहे. दुकानं, चित्रपटगृह, उपाहारगृहं, आणि एका कडेला रांगेत उभी बारा धुराडी. लोअर परळला फिनिक्स मिलचं धुराडं आणि त्याखालचा मॉल ज्याने पाहिला आहे, त्याला इथे वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही. फरक आहे तो माणसं कुठे गेली याचा. गिरणी कामगाराला कोकणात किंवा घाटावर गाव होतं, मोडकंतोडकं का होईना, घर होतं. इथल्या कामगाराचे आजोबाच पोलंड, स्लोव्हाकिया, इटलीहून बोटीने आले होते. परतायला गाव नव्हतं. म्हणून मुलं दक्षिणेला गेली, जिथे बांधकामं चालू होती. स्टीलर्स या फुटबॉल संघाने सत्तरच्या दशकात चार अजिंक्यपदं मिळवली आणि लगेच भट्ट्या विझल्या. निघून गेलेल्यांनी संघ सोबत नेला. आज या संघाचे पिवळे पंचे देशातल्या कुठल्याही मैदानावर दिसतात ते त्यामुळे.

या इतिहासात आपली नेमकी जागा कुठली, हे मला शहरातल्या हेझलवूड भागात स्पष्ट दिसलं. तिथे पोलाद कारखान्याची जमीन वर्षानुवर्षं पडून होती. एका जुन्या इमारतीचा लोखंडी सांगाडा तसाच ठेवून त्याच्या आत नवी इमारत उभी केली, छतावर सौरपट्ट्या बसवल्या. तिचं नाव मिल १९. आत कार्नेगी मेलनची यंत्रमानव आणि उत्पादनतंत्राची प्रयोगशाळा आहे. यंत्रमानव कारखान्यात कसा वापरावा याचं संशोधन करायला पुण्या-मुंबईची मुलं तिथे येतात. त्यातला एक जण, त्याचे आजोबा परळच्या गिरणीत जॉबर होते, मला म्हणाला की आपण काय काम करतो हे तो बसमध्ये शेजारी बसलेल्या हेझलवूडच्या माणसाला सांगायला कचरतो. त्याचा हा संकोच मला महत्त्वाचा वाटतो. नव्या उद्योगाने शहर सावरलं हे खरं आहे. यूएस स्टीलच्या चौसष्ट मजली इमारतीच्या माथ्यावर आज यूपीएमसीची अक्षरं आहेत. पण पोलाद गेलं तेव्हा ज्यांचं गेलं आणि संगणक आला तेव्हा ज्यांना मिळालं, ती माणसं वेगळी आहेत.

हिल डिस्ट्रिक्टबद्दल तर आपल्या लोकांत फारच कमी बोललं जातं. हा कृष्णवर्णीयांचा भाग, जॅझचा, छोट्या दुकानांचा. ऑगस्ट विल्सनच्या दहा नाटकांच्या मालिकेतली नऊ नाटकं इथे घडतात. १९५० च्या दशकात शहराने या भागाचा खालचा हिस्सा जमीनदोस्त केला, सुमारे आठ हजार माणसं उठवली आणि तिथे क्रीडागृह बांधलं. ते १९६१ साली उघडलं. आता तेही पाडून झालं आहे. पिट्सबर्ग ‘राहण्याजोगं शहर’ म्हणून याद्यांमध्ये झळकतं तेव्हा कुणासाठी, हा प्रश्न इथले कृष्णवर्णीय रहिवासी वारंवार विचारतात आणि तो रास्त आहे. नव्या मराठी विद्यार्थ्याला सीनियर पहिल्याच आठवड्यात ‘त्या बाजूला जाऊ नको’ म्हणून सांगतात. ती बाजू काय होती, कुणी मोडली, हे कुणी सांगत नाही. मला याचं वाईट वाटतं.

आपली पुष्कळ माणसं राहतात ती स्क्विरल हिलमध्ये. हा ज्यू वस्तीचा जुना भाग आहे. २७ ऑक्टोबर २०१८ च्या शनिवारी इथल्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये एका बंदूकधाऱ्याने अकरा जणांना ठार केलं. त्याचा राग ज्यूंवर होताच, शिवाय निर्वासितांना या देशात वसायला मदत करणाऱ्या एका ज्यू संस्थेवर होता. बाहेरून आलेल्यांना थारा देण्याच्या वृत्तीवरच तो हल्ला होता. त्या आठवड्यात दिवाळी तोंडावर आली होती. गल्लीतल्या काही भारतीय घरांनी त्या वर्षी फटाके आणि दिव्यांच्या माळा ठेवून दिल्या आणि फक्त पणत्या लावल्या, असं तेव्हा इथे राहणाऱ्या एका बाईंनी मला सांगितलं. आम्ही इथे नुसते पाहुणे नाही, हे त्यांना त्या दिवसांत पहिल्यांदा जाणवलं म्हणे.

मराठीपण इथे सांभाळावं लागतं ते थोडक्या माणसांत. या टापूत भारतीय आले ते मुख्यतः १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर, वेस्टिंगहाउसमध्ये अभियंते म्हणून आणि रुग्णालयांत डॉक्टर म्हणून. पेन हिल्सच्या टेकडीवरचं श्री वेंकटेश्वर मंदिर १९७६-७७ मध्ये उभं राहिलं. अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या पारंपरिक मंदिरांतलं ते एक. तिरुपतीच्या देवस्थानाने त्यासाठी मदत केली. मनरोव्हिलमध्ये हिंदू-जैन मंदिर आहे. मराठी मंडळींचा गणपती शाळेच्या भाड्याच्या सभागृहात बसतो, आरतीला तेलुगू आणि गुजराती शेजारीही येतात, आणि मोदकांची वाटणी घराघरांत महिनाभर आधी होते. माणसं कमी असल्यामुळे नाटक बसवायचं तर आठ वर्षांच्या मुलापासून सत्तरीच्या काकांपर्यंत सगळे लागतात. न्यू जर्सीत प्रेक्षक म्हणून बसला असता असा माणूस इथे पेटी वाजवायला शिकतो. मासळी हवी असेल तर स्ट्रिप डिस्ट्रिक्टमधला व्होलीचा जुना बाजार आहे. वाणसामानासाठी मी बरेचदा दक्षिणेकडच्या कॅरिक-ब्रेंटवुड भागात भूतानी नेपाळ्यांच्या दुकानांत जाते. भूतानमधून हाकलले गेलेले हे लोक नेपाळच्या छावण्यांत वर्षानुवर्षं काढून २००८ नंतर इथे वसवले गेले. तिथल्या दुकानदारांशी हिंदीत बोलता येतं. भारतातून दूर आल्यावर मला पहिल्यांदा हिंदी ऐकू आली ती अशा माणसाकडून, ज्याला भारताने कधी आपलं म्हटलं नव्हतं.

या सगळ्यावर व्हिसाचं सावट असतं. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १ लाख ४० हजार, आणि एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा. भारतीयांची रांग त्यामुळे दशकांची झाली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरून नव्याने होणाऱ्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं आणि घराघरांत पुन्हा हिशेब मांडले गेले. मध्यम शहरात याची एक खास अडचण आहे, तिच्याबद्दल कमी लिहिलं जातं. एच-१बीवर असलेल्या माणसाची नोकरी गेली तर त्याला साठ दिवसांची मुदत मिळते. बे एरियात साठ दिवसांत पलीकडच्या रस्त्यावर दुसरी कंपनी सापडू शकते. इथे एकेका कामाच्या दोन-तीनच कंपन्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये आर्गो एआय ही चालकरहित मोटारींची इथली कंपनी अचानक बंद झाली. काहींना शहरातच काम मिळालं, काही टेक्सास-कॅलिफोर्नियाला गेले. त्यांपैकी एका मराठी जोडप्याने सहा महिन्यांपूर्वीच घर घेतलं होतं, मुलगी दुसरीत होती. त्यांनी घर विकलं. मुलीच्या वर्गाने तिला हाताने काढलेला शहराचा नकाशा दिला, त्यावर प्रत्येक मुलाने आपल्या घराची जागा दाखवली होती. तिची आई हे मला फोनवर सांगत होती आणि सांगताना रडत होती.

हवेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण घर घेताना ती कुणी सांगत नाही. पोलाद पूर्ण गेलेलं नाही. मोनोंगहेलाच्या काठी क्लेअरटनला कोकच्या भट्ट्या अजून चालू आहेत. थंड, वारा नसलेल्या सकाळी दरीवर गरम हवेचं झाकण बसतं आणि खालची हवा कोंडते. कुजक्या अंड्यासारखा वास शहरापर्यंत येतो. ११ ऑगस्ट २०२५ ला तिथे स्फोट होऊन दोन कामगार गेले. दम्याचं मूल असलेल्यांनी घर बघताना वाऱ्याची दिशा विचारावी. कार्नेगी मेलनमधल्या एका गटाने वासाची तक्रार नोंदवायचं अ‍ॅप केलं आहे, ते फोनवर जरूर घ्यावं आणि वापरावं.

या लेखासाठी सर्वांत जास्त वेळ मी बसले ती एका काकूंकडे. सगळे त्यांना काकूच म्हणतात. १९७० च्या दशकात वेस्टिंगहाउसमध्ये असलेल्या नवऱ्याबरोबर त्या आल्या, मनरोव्हिलला घर केलं, मंदिराच्या स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं पोळ्या लाटल्या. काका गेल्यावर त्यांनी ते मोठं घर विकलं आणि शहरात बसच्या रस्त्यावर दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, कारण रात्री गाडी चालवणं जमेनासं झालं होतं. मुलगा सिअ‍ॅटलला आहे, मुलगी सॅन होजेला. दोघंही बोलावतात. काकू जाऊन राहून येतात, पण मुक्काम हलवत नाहीत. निवडणुकीच्या दिवशी त्या मतदान केंद्रावर पहाटेपासून रात्रीपर्यंत काम करतात, मतदारांची नावं तपासतात. वाचनालयात आठवड्यातून एकदा नव्याने आलेल्यांना इंग्रजी शिकवतात. त्या वर्गात नेपाळी, सीरियन, ग्वाटेमालाच्या बायका असतात.

२०२५ च्या वसंतात शहराच्या बससेवेने पैशाअभावी पस्तीस टक्के फेऱ्या कमी करण्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा काकू सुनावणीला गेल्या. नऊवारी नेसून लक्ष वेधावं असं काही त्यांनी केलं नाही, नेहमीचा सलवार-कुडता घालून गेल्या आणि कागदावर लिहून नेलेलं वाचलं. डॉक्टर कुठे, मंदिर कुठे, वाचनालय कुठे, आणि आपली बस गेली तर यांतल्या किती ठिकाणी जाता येणार नाही. त्यांच्यामागे रुग्णालयात सफाईचं काम करणारी, रात्रपाळीची एक बाई बोलली, तिच्यानंतर चाकाच्या खुर्चीतला एक तरुण. पुढे राज्याने यंत्रसामग्रीसाठी ठेवलेले पैसे दोन वर्षं फेऱ्यांसाठी वापरायला परवानगी दिली आणि कपात टळली. “दोन वर्षांचंच आहे,” काकू म्हणाल्या, “पुढची सुनावणी लागेल तेव्हा तू पण चल. आधी नाव नोंदवावं लागतं. आणि त्या सांगलीच्या मुलीला सांग, पुलांचं तिला कळतं, तिने बोललं पाहिजे.” मग त्यांनी वही काढली आणि आमचे दोघींचे फोन नंबर उतरवून घेतले.